छर्रे चाळावेत की तोलावेत?

जत्रेत फुगे फोडायला मिळते ती छऱ्याची बंदूक आणि ऑलिंपिकमधील दहा मीटर एअर रायफल यांचे मूळ तत्त्व एकच आहे. दाबून ठेवलेली हवा एकदम मोकळी होते आणि शिशाचा लहानसा छर्रा नळीतून पुढे ढकलते. फरक आहे तो अपेक्षेत. फुगा वीतभर रुंद असतो आणि चार हातांवर असतो. दहा मीटरच्या स्पर्धेतील लक्ष्याचा मधला ठिपका मात्र अवघा अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे वहीवर पेनाने दिलेल्या पूर्णविरामाएवढा. त्याभोवतीची वर्तुळे अडीच-अडीच मिलिमीटर अंतरावर आखलेली असतात. २०१३ पासून या प्रकाराच्या प्राथमिक फेरीतही गुण दशांशात मोजतात. गुणाचा एक दशांश म्हणजे लक्ष्यावरचा पाव मिलिमीटर! २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राला सुवर्णपदक मिळाले तेव्हा त्याचे गुण होते ७००.५ आणि दुसऱ्या आलेल्या झू चिनानचे ६९९.७. सत्तर गोळ्या झाडल्यानंतर दोघांत फरक पडला तो ०.८ गुणाचा.

अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, आणि २०२२ साली कैरो येथे विश्वविजेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, या नावांमुळे आपल्याकडे शाळाशाळांतून नेमबाजीची गोडी वाढली आहे. त्याबरोबर एक प्रश्नही शाळेत आला आहे. महागड्या डब्यांतले छर्रे घ्यावेत का? घेतले तर ते एकेक तोलून, मापून, निवडून वापरावेत का? काही नेमबाज तासन् तास हेच करत बसतात. पालक त्यासाठी मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा विकत घेतात. पाचशे छऱ्यांचा एक डबा, एका छऱ्याला दहा सेकंद धरले तरी तोलायला जवळजवळ दीड तास लागतो. तेवढा वेळ मुलाने सरावाला दिला असता तर? हा प्रश्न हौसेचा राहत नाही, कारण घरातले पैसे आणि मुलाच्या संध्याकाळी त्यात खर्ची पडतात. त्याचे उत्तर मात्र नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातून बरेचसे मिळू शकते, म्हणून त्याचा येथे विचार करू.

लांब पल्ल्याचे उदाहरण घेणे सोयीचे, कारण तेथे लहान चुका मोठ्या होऊन दिसतात. इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास 'फील्ड टार्गेट' नावाचा खेळ सुरू झाला. मोकळ्या रानात ८ ते ५५ यार्डांवर धातूची लक्ष्ये ठेवलेली असतात. लक्ष्यातील भोकाचा व्यास बहुधा ४० मिलिमीटर असतो, आणि ५५ यार्ड म्हणजे सुमारे ५० मीटर. रायफलची ऊर्जा तेथे १२ फूट-पौंड, म्हणजे १६ ज्यूलपेक्षा थोडी अधिक, एवढ्यावरच थांबवावी लागते. साडेचार मिलिमीटर व्यासाचा, ०.५४७ ग्रॅमचा छर्रा या ऊर्जेने सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने निघतो. वाचकांनी गतिज ऊर्जेचे सूत्र वापरून पडताळा घ्यावा.

(जाता जाता एक गोष्ट. या धंद्यात अजूनही वजन 'ग्रेन' मध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. आपल्या सराफांच्या मापात आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्या हिशेबाने हा छर्रा साडेचार गुंजांचा होतो.)

छऱ्याचा आकार डमरूसारखा असतो. पुढे भरीव डोके, मध्ये बारीक कंबर, मागे परकरासारखा पोकळ, पातळ घेर. मागून हवेचा दाब आला की घेर किंचित फुलतो आणि नळीला घट्ट बसून हवा निसटू देत नाही. वजन पुढे आणि घेर मागे असल्याने तो बॅडमिंटनच्या फुलासारखा डोके पुढे करूनच उडतो. शिवाय नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्यांचा एक वेढा साधारण ४५० मिलिमीटरमध्ये पूर्ण होतो. म्हणजे २४० मीटर वेगाने निघालेला छर्रा सेकंदाला ५३३ फेरे घेत असतो. हा आकडा लक्षात ठेवावा; पुढे उपयोगी पडेल.

वजनाचा हिशेब

समजा डब्यातील एक छर्रा सरासरीपेक्षा एक टक्क्याने जड आहे. रायफल दोन्ही छऱ्यांना जवळजवळ तेवढीच ऊर्जा देते. त्यामुळे जड छऱ्याच्या वेगाचा वर्ग एक टक्क्याने कमी, म्हणजे वेग अर्ध्या टक्क्याने कमी होईल. त्याला पोहोचायला थोडा अधिक वेळ लागेल आणि तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने थोडा अधिक खाली येईल.

किती खाली? हवेच्या रोधामुळे अशा छऱ्याचा वेग ५० मीटर जाईपर्यंत २४० वरून सुमारे १७५ वर येतो. ते धरून गणित केले तर प्रवासाला ०.२४५ सेकंद लागतात आणि छर्रा नळीच्या रेषेपासून सुमारे २६ सेंटीमीटर खाली येतो. (या २६ सेंटीमीटरची काळजी नको, ते दुर्बिणीच्या मांडणीत जमेस धरलेले असतात. प्रश्न आहे तो छऱ्या-छऱ्यांतील फरकाचा.) पडणे वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून एक टक्का जड छर्रा एक टक्का अधिक, म्हणजे २.६ मिलिमीटर अधिक पडायला हवा. पण जड छऱ्याला हवेचा रोध तुलनेने कमी बाधतो. ते वजा केले की उरतात सुमारे दोन मिलिमीटर.

बऱ्या प्रतीच्या डब्यात वजनाचा फरक सरासरीच्या वर-खाली एक-सव्वा टक्क्याच्या आसपास असतो असे धरले, तर सर्वांत हलका आणि सर्वांत जड छर्रा यांच्यात ५० मीटरवर जेमतेम पाच मिलिमीटरचा उभा फरक पडेल. दहा मीटरवर तर छऱ्याचे पडणेच पावणेदोन सेंटीमीटर असते. तेथे एक टक्का वजनाने ०.१७ मिलिमीटर, म्हणजे गुणाच्या एक दशांशाहूनही कमी फरक पडेल.

आता याची तुलना वाऱ्याशी करू. वाऱ्याने छर्रा किती सरकतो याचा एक जुना सुंदर नियम आहे. निर्वात पोकळीत जितका वेळ लागला असता त्यापेक्षा हवेत किती जास्त वेळ लागला ते काढावे आणि त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणावे. निर्वातात ५० मीटरला ०.२०८ सेकंद लागले असते. प्रत्यक्षात ०.२४५ लागतात. फरक ०.०३७ सेकंद. वारा सेकंदाला दोन मीटरचा, म्हणजे झाडाची पाने सळसळतील एवढाच असला, तरी छर्रा सात सेंटीमीटर सरकतो! ४० मिलिमीटरचे भोक त्याने केव्हाच मागे टाकलेले असते. नेमबाजाने दोनऐवजी दीड मीटरचा वारा समजून नेम धरला, तर एवढ्याच चुकीने १८ मिलिमीटरचा फरक पडेल. त्यापुढे वजनाचे दोन मिलिमीटर काय करणार?

चुकांची बेरीज कशी होते हेही येथे पाहायला हवे. एकमेकींशी संबंध नसलेल्या चुका सरळ मिळवायच्या नसतात. त्यांचे वर्ग मिळवून मग वर्गमूळ काढायचे, अगदी पायथागोरसच्या सिद्धांतासारखे. समजा एखाद्याच्या छिद्रांचा पुंजका ५० मीटरवर २५ मिलिमीटर रुंद आहे आणि त्यात वजनाच्या फरकाचा वाटा पाच मिलिमीटर आहे. तो वाटा पूर्णपणे काढून टाकला तर उरतील २५ चा वर्ग वजा ५ चा वर्ग, म्हणजे ६०० चे वर्गमूळ. ते येते २४.५. दीड तास तोलून मिळाला अर्धा मिलिमीटर. मोठी चूक तशीच असताना लहान चुकीच्या मागे लागण्यात काय पदरात पडते, हे मुलांना दाखवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

मग जगातले चांगले नेमबाज तोलतात ते सगळे वेडे म्हणायचे का? नाही. काटा त्यांना एक वेगळीच गोष्ट दाखवत असतो.

गोफणीचा धडा

गोफणीतला दगड सुटल्यावर वर्तुळाच्या स्पर्शिकेने जातो हे मुलांना ठाऊक असते. छऱ्याचेही काहीसे तसेच आहे. नळीत असताना त्याला नळीच्या मध्यरेषेभोवतीच फिरावे लागते. छऱ्याचा गुरुत्वमध्य अगदी मध्यरेषेवर असेल तर काही बिघडत नाही. पण तो थोडा बाजूला असेल तर नळीत तो एका छोट्या वर्तुळात फिरत राहील, आणि छर्रा नळीबाहेर पडताच त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता त्या दिशेला निघेल.

हिशेब सोपा आहे. छर्रा ४५० मिलिमीटर पुढे जातो तेवढ्यात गुरुत्वमध्य आपल्या छोट्या वर्तुळाचा एक परिघ पुरा करतो. म्हणून आडवा वेग आणि पुढचा वेग यांचे गुणोत्तर म्हणजे तो परिघ भागिले ४५०. छर्रा जलद सोडा की मंद, गुणोत्तर तेच राहते. गुरुत्वमध्य मिलिमीटरच्या एक शतांशाने, म्हणजे ०.०१ मिलिमीटरने सरकलेला असेल, तर परिघ ०.०६२८ मिलिमीटर. त्याला ४५० ने भागून ५० मीटरने गुणले की येतात सात मिलिमीटर. शिवाय सरकलेली बाजू बंदुकीत घालताना वर येईल की खाली याचा नेम नसल्याने छिद्रे चौदा मिलिमीटरच्या वर्तुळावर कोठेही पडतील. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. तिच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाने हा खेळ होतो.

आता पाच मिलिग्रॅमची गोष्ट पाहा. साच्यात शिसे नीट न भरल्याने डोक्याच्या एका कडेला पाच मिलिग्रॅम शिसे कमी पडले, असे समजा. वजन ०.९ टक्क्याने कमी झाले. त्यामुळे पडण्यात फरक येईल सुमारे दोन मिलिमीटरचा. पण ते शिसे मध्यरेषेपासून दोन मिलिमीटर दूर कमी पडले असेल, तर गुरुत्वमध्य ०.०१८ मिलिमीटर सरकेल आणि छर्रा तेरा मिलिमीटर बाजूला जाईल. पाच मिलिग्रॅम तेच, पण परिणाम सहा-सात पट!

म्हणजे काट्यावर जो छर्रा इतरांपेक्षा बराच हलका निघतो, तो हलका आहे म्हणून टाकायचा नसतो. त्याच्यात कोठे तरी पोकळी किंवा तुटकी कड असण्याचा संभव असतो, म्हणून टाकायचा. काटा येथे वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखा आहे. मात्र उलट बाजूही आहे. घेर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल, तर वजन अगदी बरोबर भरेल आणि छर्रा तरीही भरकटेल. गुरुत्वमध्य कोठे आहे हे काटा कधीच सांगत नाही. म्हणून एक-एक मिलिग्रॅमचे दहा ढीग करत बसण्यात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. टोकाचे चार-दोन टाकावेत आणि उरलेले एकत्र करावेत. डोळ्यांनी पाहून घेर चेपलेले, कड तुटलेले छर्रे बाजूला काढणे हे तर काट्याशिवायही होते, आणि ते आधी करावे.

आकाराची चाळण

धान्य निवडताना आपल्या घरात दोन साधने असतात, चाळण आणि सूप. चाळण फक्त आकार पाहते. सूप वजन आणि हवेचा रोध यांच्या झगड्यातून फोल वेगळे करते. छऱ्यांनाही चाळण असते. पोलादी पट्टीत ४.४८, ४.४९, ४.५० असे एकेक शतांश मिलिमीटरने वाढत जाणारी भोके पाडलेली असतात. छऱ्याचे डोके ज्या भोकात जेमतेम अडकते ते त्याचे माप. स्पर्धेच्या छऱ्यांच्या डब्यावरही हे माप छापलेले आढळते.

हे माप महत्त्वाचे का, तेही गोफणीच्या हिशेबातूनच कळते. डोके नळीच्या कंगोऱ्यांपेक्षा दोन शतांश मिलिमीटरने लहान असेल, तर ते नळीत मधोमध न बसता एका अंगाला कलू शकते आणि फार तर एक शतांश मिलिमीटर सरकू शकते. त्याचा परिणाम वर पाहिलाच, सात मिलिमीटर. छर्रा स्वतः निर्दोष असूनही! उलट डोके फार मोठे असेल तर ते नळीत घट्ट बसते, सुटायला अधिक दाब लागतो आणि प्रत्येक वेळी वेग थोडा वेगळा येतो. म्हणून आपल्या नळीला कोणते माप मानवते ते पाहून त्याच मापाचे छर्रे वापरणे हे खरोखर फायद्याचे आहे.

काही जण याच्याही पुढे जातात. सगळे छर्रे एका कठीण पोलादी साच्यातून दाबून काढतात, म्हणजे सगळ्यांचे डोके एकसारखे होते. कल्पना आकर्षक आहे, पण शिसे मऊ असते. साच्यात छर्रा जरा तिरका गेला तर डोके एका अंगाने अधिक दाबले जाते आणि आपणच गुरुत्वमध्य सरकवून ठेवतो. घेरही साच्यातून गेला तर तो आक्रसतो आणि हवा निसटू लागते. शिवाय नळी स्वतःच एक साचा आहे. स्पर्धेच्या बऱ्याच नळ्यांचे तोंड मुद्दाम किंचित अरुंद ठेवतात, ते छऱ्याला शेवटचा आकार देण्यासाठीच. तेव्हा दाबून सारखे करण्यापेक्षा सारखे असतील ते निवडून घ्यावेत, असे आमचे मत आहे.

अशी भोकांची पट्टी हाताशी नसेल तर? शाळेतल्या व्हर्नियरचे लघुतम माप ०.१ मिलिमीटर, ते येथे निरुपयोगी. स्क्रू गेजचे ०.०१ मिलिमीटर, पण ते आवळताना मऊ शिसे चेपते. येथे एक युक्ती कामाला येते. छऱ्याचे डोके घेरापेक्षा लहान असते, म्हणून सपाट काचेवर तो सरळ न घरंगळता डोक्याच्या बाजूला वळत जातो, शंकूसारखा. तो ज्या वर्तुळात वळतो त्याची त्रिज्या काढायची असेल, तर डोके आणि घेर यांच्या कडांमधले अंतर घ्या, त्याला घेराच्या व्यासाने गुणा आणि दोन व्यासांतील फरकाने भागा. समरूप त्रिकोण आखले की हे सूत्र मुले स्वतः काढू शकतात. घेर ४.७०, डोके ४.५० आणि अंतर ५ मिलिमीटर असेल तर त्रिज्या ११७ मिलिमीटर येते. डोके ४.५२ केले की ती १३० च्या वर जाते. किंचित उतरत्या काचेच्या वरच्या कडेला, आस आडवा ठेवून छर्रा सोडला, तर आठ सेंटीमीटर खाली येईपर्यंत पहिला ३१ मिलिमीटर बाजूला वळलेला असेल आणि दुसरा २७. दोन शतांश मिलिमीटरचा फरक चार मिलिमीटर होऊन समोर आला. दोनशे पट मोठा करणारे हे उपकरण म्हणजे खिडकीच्या काचेचा एक तुकडा! घेर चेपलेला असेल तर छर्रा ठेचकाळत जातो, तेही दिसते. एक मर्यादा मात्र आहे. या पद्धतीत डोके आणि घेर या दोघांचा एकत्र परिणाम दिसतो. दोन्ही थोडे-थोडे मोठे असलेला छर्रा निर्दोष छऱ्याच्या मार्गानेच जाऊ शकतो.

वर्गात हा प्रयोग छऱ्यांनी करू नये. शिसे विषारी आहे, मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते फार बाधते, आणि हाताळलेले शिसे बोटांवरून तोंडात जाते. नेमबाजी करणाऱ्यांनीही नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. हे प्रशिक्षकांनी पुनःपुन्हा सांगायला हवे. वर्गात स्टीलचे पेले आणावेत. तोंडाचा व्यास ७, बुडाचा ५ आणि तिरकी उंची १० सेंटीमीटर असलेला पेला फरशीवर ३५ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. एकाच संचातील सहा पेले घेऊन खडूने वर्तुळे आखली, तर ती एकमेकांवर तंतोतंत बसतात का, हे मुलांनाच पाहू द्यावे.

निवडीचा उपयोग झाला का?

हे कसे ठरवावे? बहुतेक जण निवडलेले पाच आणि न निवडलेले पाच छर्रे झाडून पुंजक्यांची रुंदी मोजतात आणि निकाल देतात. हा निकाल विश्वासार्ह नाही. पाच छिद्रांच्या पुंजक्याची रुंदी, काहीही न बदलता, पाव हिश्शाने कमी-जास्त होणे हे नेहमीचेच आहे. संख्याशास्त्राने हिशेब केला तर दहा टक्के सुधारणा खात्रीने दिसायला दोन्ही प्रकारांचे साठ-साठ पुंजके, म्हणजे तीनशे-तीनशे छर्रे झाडावे लागतील. सुधारणा निम्म्याची असेल तर पाच-पाच पुंजक्यांतही ती लपणार नाही.

आणखी एक अडचण नेमबाजाच्या मनाची आहे. आपण दीड तास निवडलेले छर्रे झाडत आहोत हे ठाऊक असले की माणूस श्वास जरा अधिक सांभाळतो, चाप जरा अधिक हळुवार ओढतो. पुंजका लहान येतो तो त्यामुळे, आणि श्रेय जाते काट्याला. म्हणून छर्रे दुसऱ्याने भरून द्यावेत. दोन सारख्या डब्यांवर 'क' आणि 'ख' लिहावे, कोणत्या डब्यात निवडलेले आहेत ते एका चिठ्ठीवर लिहून पाकीट चिकटवावे, आणि पाच-पाच छर्रे कोणत्या क्रमाने घ्यायचे ते नाणे उडवून ठरवावे. लक्ष्याचे कागद मोजून आकडे वहीत उतरवल्यावरच पाकीट उघडावे.